लठ्ठा : प्यायल्यानंतरचे तास

मिथाइल अल्कोहोल हे द्रव्य स्वतः बेकायदेशीर नाही. रंग, व्हार्निश आणि रसायने बनविणाऱ्या कारखान्यांत ते रीतसर येते. बडोद्याभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात वावरणाऱ्यांना ते अपरिचित नाही. बेकायदेशीर आहे ती दारू. परवान्याचे अपवाद वगळता गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. ही दोन द्रव्ये चोरवाटेने एकत्र आली की लठ्ठाकांड घडते. १९८९ साली आपल्या बडोद्यात सव्वाशेहून अधिक माणसे दगावली. २००९ मध्ये अहमदाबादेत साधारण तेवढीच. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक. तेथे तर दारूबंदीही नव्हती. २००९ नंतर गुजरातने कायदा दुरुस्त करून लठ्ठ्याच्या गुन्ह्यासाठी फाशीपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. तरीही २०२२ च्या जुलैत बोटाद परिसरात चाळीसहून अधिक बळी गेले. कारखान्यातून चोरलेले मिथाइल अल्कोहोलच पाणी घालून विकले गेल्याचे तेव्हा तपासात पुढे आले.

शिक्षेचा विचार न्यायालयांनी करावा. वैद्यकाच्या दृष्टीने या विषात एक विलक्षण गोष्ट आहे : ते वेळ देते.

मिथाइल अल्कोहोल पोटात गेल्याबरोबर मारक ठरत नाही. यकृतातील एन्झाइम त्याचे प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतात, आणि खरा घात हे आम्ल करते. पेशींना प्राणवायू वापरता येईनासा होतो. डोळ्यांच्या ऑप्टिक नर्व्हला त्याची झळ लवकर पोहोचते. या साऱ्याला बहुधा बारा ते चोवीस तास लागतात, आणि सोबत साधी दारू पोटात असेल तर त्याहूनही अधिक. कारण तेच एन्झाइम साध्या दारूला आधी हात घालते. उपचाराचे एक तत्त्वही यातूनच निघाले. फोमेपिझोल मिळाले तर उत्तम; न मिळाल्यास रुग्णालयात मोजूनमापून शुद्ध इथाइल अल्कोहोल देऊन ते एन्झाइम अडवून धरतात. बंदी ज्या द्रव्यावर, उतारा त्याचाच! जोडीला बायकार्बोनेट, फोलिनिक आम्ल आणि गरजेप्रमाणे डायलिसिस. वेळेत आलेला रोगी दृष्टीसह वाचू शकतो.

परंतु तो वेळेत येत नाही. रात्री पोटली पिऊन माणूस घरी जातो, झोपतो. सकाळी डोके दुखते, पोटात कळा येतात, उलट्या होतात. घरचे म्हणतात, रात्रीची अजून उतरली नाही. डोळ्यांपुढे धुके येऊन श्वास जोराने चालू लागेपर्यंत आम्ल रक्तात पसरलेले असते.

व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत असाच एक तिशीतला फिटर माझ्याकडे आला होता. सोबत पत्नी आणि वडील. “डॉक्टरसाहेब, लग्नातलं जेवण बाधलं बहुतेक,” असे पत्नीने सांगितले. मी त्याला काय खाल्ले ते विचारले, उलटीचे इंजेक्शन दिले आणि घरी पाठविले. काय प्यायला, हे विचारले नाही. वडिलांसमोर विचारले असते तरी त्याने सांगितले नसते. संध्याकाळी ते त्याला पुन्हा घेऊन आले तेव्हा त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावर त्याच रात्री तो गेला.

शाळाशाळांतून दर वर्षी २६ जूनला व्यसनमुक्तीच्या शपथा होतात, कवटीची चित्रे रंगतात. त्यांना माझा विरोध नाही. मात्र जो पिणारच आहे त्याला आणि त्याच्या घरच्यांना या शिक्षणातून त्या मधल्या तासांबद्दल काहीच कळत नाही. पेटवून पाहिल्याने किंवा वास घेतल्याने लठ्ठा ओळखता येत नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? दारूनंतर दिवसा-दोन दिवसांत दृष्टी धूसर होणे ही नशा नव्हे. तत्क्षणी रुग्णालय गाठावयाचे, आणि ज्यांनी सोबत घेतली त्यांना काही होत नसले तरी बरोबर न्यावयाचे. ही चार वाक्ये चाळीतल्या बायकांना, कामगारांच्या मुकादमांना, रिक्षावाल्यांना पाठ असली पाहिजेत.

पोलिसांची भीती खोटी नाही. गुजरातेत पिणे हाच गुन्हा आहे आणि डॉक्टरला मेडिको-लीगल नोंद करावीच लागते. गुप्ततेचे खोटे आश्वासन आपण देऊ नये. पण आधी उपचार, मग कायद्याची औपचारिकता, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे, आणि तेही १९८९ सालीच. हा निकाल वस्त्यांपर्यंत नेण्याचे काम आपल्यासारख्या मंडळांना सहज जमण्याजोगे आहे. आपल्या दवाखान्यांच्या भिंतीवर मधुमेहाची पत्रके लागतात, तेथे हेही लागावे.

आता पोटदुखी-उलटीचा असा रोगी आला की मी नातलगांना काही निमित्ताने बाहेर पाठवितो आणि विचारतो : काय प्यायलास, कधी, आणि बरोबर कोण होते? तिसरा प्रश्न मला फार उशिरा सुचला. त्या फिटरबरोबर त्या रात्री कोण बसले होते, हे मी त्याच्या घरच्यांनाही विचारले नव्हते.