वाचकाचे तोंड दिसले म्हणजे वाचक भेटला काय?

लेखकाने वाचकाशी संबंध कसा राखावा, ह्या जुन्या प्रश्नाला अलीकडे एक सोपे उत्तर सापडल्यासारखे झाले आहे : वाचकाने मोबाइलसमोर बसून आपला अभिप्राय बोलून दाखवावा, लेखकानेही तशाच व्हिडिओने उत्तर द्यावे, म्हणजे पनवेलचा वाचक आणि दूर देशीचा लेखक यांच्यात अंतर म्हणून उरणार नाही. साधन उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्याभोवती ज्या समजुती जमल्या आहेत, त्यांची मराठी नियतकालिकांच्या दफ्तराशी एकदा रुजवात घालून पाहणे अगत्याचे आहे.

गैरसमज : वाचकाला बोलण्याची मुभा मिळाली ती व्हिडिओच्या युगात.

वस्तुस्थिती : भाऊ महाजनांनी 1841 साली मुंबईत 'प्रभाकर' सुरू केले, आणि 1848 ते 1850 या काळात 'लोकहितवादी' या सहीने त्यात जी 108 पत्रे प्रसिद्ध झाली, ती पत्ररूपानेच वाचकांपुढे आली, आज ज्यांना आपण 'शतपत्रे' म्हणून मानाचे पान देतो, त्यांचा जन्म असा वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात आहे. 1855 साली तर फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'ने छापला. ज्यांना एरवी कोणी विचारले नसते, त्यांच्या शब्दाला जागा देण्याचा प्रघात इतका जुना आहे.

गैरसमज : साधन जितके जलद, तितका जिव्हाळा अधिक.

वस्तुस्थिती : रेल्वे घाट चढण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा मनुष्य मचव्यातून पनवेल बंदरात उतरे आणि 1830 साली गाड्यांना खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याने वर जाई. टपालाचे हशीलही त्या काळी अंतराप्रमाणे वाढत असे. पाव तोळ्याच्या पत्राला अंतर कितीही असो अर्धा आणा, हा एकसारखा दर 1854 च्या ऑक्टोबरात आला आणि पाव आण्याचे पोस्टकार्ड 1879 साली. तेव्हा लोकहितवादींची पत्रे ही दोन्ही सवलतींच्या आधीची आहेत. स्वस्त टपालाने पत्रांची संख्या वाढवली असेल. पत्रातला विचार मात्र त्याच्या आधीच चालू लागला होता.

गैरसमज : जो चेहरा दाखवतो तोच प्रामाणिक, नाव झाकणारा भित्रा.

वस्तुस्थिती : लोकहितवादी म्हणजे सरकारी नोकरीतले गोपाळ हरी देशमुख, सहीच्या आडोशाने त्यांच्या लेखणीची धार कमी झाली नाही. याहून बोलके उदाहरण र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे आहे. 1927 ते 1953 असा दीर्घकाळ चाललेल्या ह्या मासिकात, जे प्रश्न मनुष्य घरात काढत नाही आणि वैद्यापुढेही अडखळत बोलतो, असे लैंगिक जीवनाविषयीचे प्रश्न वाचक विचारीत आणि कर्वे त्यांची सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले, तरी कर्व्यांना 200 रुपये दंड झालाच. त्या वाचकांना 'आधी चेहरा दाखवा' अशी अट घातली असती, तर किती प्रश्न कर्व्यांच्या हाती पडते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

गैरसमज : दुसऱ्याच्या मजकुराची जोखीम दुसऱ्याची.

वस्तुस्थिती : कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावावर चालवलेल्या पत्रांच्या भरवशावर टिळक-आगरकरांनी लेखन केले, ती पत्रे न्यायालयात बनावट ठरली आणि 1882 साली उभयतांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. डोळ्यांना दिसणारी चित्रफीतही बनावट असू शकते, मागचेपुढचे कापून अर्थाचा अनर्थ करता येतो. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली रद्द केले असले, तरी बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात कायम आहे. सबब, शहानिशेशिवाय प्रसिद्धी नाही, हा दंडक फितीलाही लागू.

गैरसमज : व्हिडिओ आला म्हणजे लेखी मजकुराची गरज सरली.

वस्तुस्थिती : हार्बर मार्गाने पनवेलकडे परतणाऱ्या गर्दीत एका हाताने दांडी धरून उभा असलेला वाचक दोन ओळींचे टिपण वाचू शकतो, चार मिनिटांची फीत त्याला ऐकू येत नाही, ज्याला मुळातच ऐकू येत नाही, त्याची अडचण तर कायमची. फितीतले नेमके वाक्य पुढे शोधून काढायचे, तरी लेखी प्रतच हाताशी लागते. म्हणून फितीखाली शब्दांकन देणे ही मेहेरबानी नसून कर्तव्य आहे.

तात्पर्य, वाचकाला पत्राने बोलू द्यावे वा फितीने, नाव सांगून वा झाकून. चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी, मजकूर पारखावा आणि उत्तर द्यावे. 'समाजस्वास्थ्या'कडे वाचक विश्वासाने येत राहिले, ते संपादकाचे दर्शन घडावे म्हणून नव्हे. विचारलेल्या प्रश्नाला तेथे उत्तर मिळत असे म्हणून.