हॅलो, दोन मिनिटं बोलू शकते का?

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे! पुण्यात एका कॉल सेंटरला महिनाभर काम केलं. काम काय, तर आयुर्विम्यासाठी लोकांना फोन करायचे आणि "आमचा माणूस कधी पाठवू?" एवढं विचारायचं. विमा विकायला परीक्षा पास व्हावी लागते, ती मी दिलेली नाही. त्यामुळे माझं काम फक्त अपॉइंटमेंट घेण्यापुरतं. दुसरीकडे आमचे मामा सांगली जिल्ह्यात गेली बावीस वर्षं विमा एजंट आहेत. म्हणजे मित्रांनो, फोनवरचा विमा आणि घरी येऊन विकलेला विमा, दोन्ही मी जवळून पाहिलेत. (कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादकांना धरा, मला नको.)

आधी फोनचं सांगते. नंबर आपण लावायचा नसतो, डायलर आपोआप लावतो. स्क्रीनवर नाव येतं, नंबरचे शेवटचे चार आकडे येतात आणि खाली स्क्रिप्ट. समोरचा "नको" म्हणाला तर हे बोला, "पैसे नाहीत" म्हणाला तर ते बोला. कम्युनिकेशनच्या लेक्चरला जागे असाल तर आठवेल, साध्या टेलिफोन लाइनवरून आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. शब्द कळायला तेवढा पुरतो. पण माणूस आत्ता एसटीत लोंबकळतोय की दवाखान्याच्या बाकावर बसलाय, ते त्यात मावत नाही. म्हणून फोनचा सगळा खेळ संख्येवर. बहुतेक लोक नको म्हणणार हे धरूनच फोन करत राहायचे. गंमत म्हणजे विमाही त्याच गणितावर उभा आहे. एक माणूस कधी जाईल कोणी सांगू शकत नाही, पण लाखभर माणसांपैकी वर्षात साधारण किती जातील हे काढता येतं. याकोब बर्नोलीचा मोठ्या संख्यांचा नियम तो हाच. त्याचं पुस्तक तो गेल्यावर, १७१३ साली छापलं गेलं. बिचाऱ्याने स्वतःचा विमा काढला होता का, कोण जाणे.

मामांची तऱ्हा अगदी वेगळी. संध्याकाळी लोक रानातून परत आले की जायचं, सोप्यात बसायचं, चहा घ्यायचा. विम्याचा विषय अर्ध्या तासाने. तोवर घरात कमावणारे किती, शिकणारे किती, ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं का, सगळं कळलेलं असतं. १९५६ साली २४५ संस्था एकत्र करून सरकारने एलआयसी काढली आणि खासगी कंपन्या आल्या २००० नंतर. मधली चाळीसपेक्षा जास्त वर्षं आपल्याकडच्या बहुतेक घरांत विमा म्हणजे असा चहा पिऊन जाणारा एजंटच.

आता मामा माझे असले तरी खरं बोलायला हवं. या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे भीड. नात्यातला माणूस, गावातला माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं? मग ज्याला कमी हप्त्याचा साधा टर्म प्लॅन पुरला असता, तो भल्या मोठ्या हप्त्याची मनीबॅक घेऊन बसतो. कमिशन हप्त्यावर मिळतं आणि पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त, हे तो विसरतो, एजंट विसरत नाही. "पहिल्या हप्त्यातलं थोडं मी भरतो" अशी ऑफरही असते. ती १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे चक्क गुन्हा आहे, दंड दहा लाखांपर्यंत. आणि प्रपोजल फॉर्म! "तंबाखू?" असं विचारून दोघंही हसतात आणि "नाही" वर टिक होते. शुगरचंही तसंच. पुढे कलम ४५ आडवं येतं. पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनी तिच्यावर शंका घेऊ शकत नाही. पण त्याच्या आत माणूस गेला आणि माहिती लपवलेली सापडली, तर क्लेम अडकतो. हसणारे दोघं, भोगणारी तिसरीच.

इथे फोन बरा वाटतो. फोनवर विकताना बोलणं रेकॉर्ड करायचं, असा नियामकाचा नियम २०११ पासून आहे. कोणी काय कबूल केलं याचा पुरावा राहतो. पॉलिसी पसंत नसेल तर हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते, कशीही घेतलेली असो. (मात्र "आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. ते विमा विकतही नाहीत आणि बोनसही वाटत नाहीत.)

एवढं सगळं मला फोनच्या बाजूने वाटत होतं. तिसऱ्या आठवड्यात एक फोन लागला, बाईंनी उचलला. मी नेहमीसारखं साहेबांना द्या म्हटलं.

"ते नाहीत आता. श्रावणात गेले."

मी गप्प. मग त्याच म्हणाल्या, "मॅडम, त्यांची तुमच्याकडे पॉलिसी होती का हो? फोनवरनं घेतलीय असं म्हणालेले एकदा. घरात कागद काही सापडंना."

स्क्रिप्टमध्ये याचं उत्तर नव्हतं. आमच्याकडे फक्त पुढच्या गिऱ्हाइकांची यादी, जुन्या पॉलिसी दिसत नाहीत. तेवढं त्यांना सांगेपर्यंत टीएलने कॉल संपव अशी खूण केली. कॉल बंद करताना कारण निवडावं लागतं. यादीत बसेल असं एकच होतं, "नॉट इंटरेस्टेड". मी ते दाबलं.

रात्री मामांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "गाव कुठलं गं त्यांचं?" ते स्क्रीनवर नव्हतंच. मग म्हणाले, "अगं, बँकेचं पासबुक भरून आणायला सांगायचं. हप्ता कापलेला असला तर कंपनीचं नाव येतंय तिथं. मृत्यूचा दाखला घेऊन त्या कंपनीत जायचं. एवढं तरी सांगायचं होतंस."

मला ते माहीत नव्हतं. आणि आता सांगायला नंबर नाही, चारच आकडे.

मामांनी सोप्यात बसून विमा विकला की मामी, आजी, दारातली शेजारीण, सगळ्यांच्या कानावर जातो. बाँड कुठल्या ट्रंकेत ठेवला तेही घरात कोणाला तरी माहीत असतं. फोनवरचा विमा एकाच कानात जातो. रेकॉर्डिंग असतं, पण ते कंपनीकडे. आणि विमा ही वस्तूच अशी, की ती वापरायची वेळ येते तेव्हा नेमका तो कान नसतो. माणूस गेल्यावर मामा दहाव्याच्या आत त्या घरी फॉर्म घेऊन हजर असतात. कोणी बोलवावं लागत नाही.

तिसराही एक विमा आहे, जो ना फोनवर विकला जातो ना चहावर. प्रधानमंत्री जीवन ज्योती. २०१५ ची योजना, वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचं कवच, वय १८ ते ५०. बँकेत एका फॉर्मवर सही केली की दर वर्षी मेअखेरीस पैसे खात्यातून आपोआप कापले जातात. हॉस्टेलवर परत आल्यावर आम्ही रूममधल्या चौघींनी आपापली खाती बघितली. दोघींच्या खात्यात ४३६ ची नोंद निघाली. एकीला खातं उघडताना कशावर तरी सही केल्याचं अंधुक आठवत होतं, दुसरीला तेही नाही. नॉमिनी म्हणून दोघींच्याही आईचं नाव, आणि आयांना पत्ता नाही.

एकीने तिथल्या तिथे घरी फोन लावला. आईने उचलल्या उचलल्या विचारलं, "किती पाठवू?"