साडेसहाची बस किती वाजता येते?

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने 2009 मध्ये शहर वाहतुकीचे मापदंड ठरवून दिले. हजार लोकसंख्येमागे 0.6 किंवा जास्त बस असतील तर सेवा पहिल्या श्रेणीची, 0.2 च्या खाली गेली की चौथ्या, म्हणजे शेवटच्या. छत्रपती संभाजीनगरात 2018 च्या डिसेंबरात 'माझी बस' सुरू झाली ती स्मार्ट सिटीच्या पैशातून घ्यायच्या शंभर गाड्यांच्या हिशेबाने. 2011 च्या जनगणनेतल्या पावणेबारा लाखांनी भागले, तरी हजारामागे उत्तर 0.1 पर्यंतही पोचत नाही.

हा आकडा पुढे केला की सगळे गप्प होतात. गाड्याच कमी, तर बस वेळेवर कुठून येणार? मला हे कारण फार सोयीचे वाटते. गाड्या किती आहेत हा एक प्रश्न. आहेत त्या भरवशाने येतात का, हा दुसरा.

हिशेब करून पाहू. समजा एका मार्गावर जाऊन-येऊन, टोकाला चालकाच्या चहासकट दोन तास लागतात. तिथे दोनच गाड्या दिल्या तर तासाला एक बस. त्यातली एक बंद पडली की थांब्यावरच्या माणसाला दोन तास उभे राहणे आले. त्याच मार्गावर बारा गाड्या असतील तर दर दहा मिनिटांनी बस येते, आणि एक बिघडली तरी खंड पडतो तो वीस मिनिटांचा. बिघाड तोच, पण दुसऱ्या ठिकाणी प्रवासी टिकतो. म्हणून शंभर गाड्या नकाशाभर शिंपडण्यापेक्षा त्या मोजक्या मार्गांवर दाटीने चालवाव्यात, असे माझे मत आहे. प्रत्येक वॉर्डाला आपल्या दारात बस हवी असते, त्यामुळे हे राजकारणाला रुचणारे नाही, हेही खरे.

या शहराची ठेवण मात्र या कामी मदतीची आहे. पश्चिमेला वाळूज, पूर्वेला चिकलठाणा आणि शेंद्रा. मधून जालना रोड. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि रोजगार पश्चिमेकडे ओढला गेला. वस्ती सिडको, मुकुंदवाडी, गारखेड्याकडे पसरतच राहिली. संध्याकाळी बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात उभे राहा. "सिडको, सिडको, चिकलठाणा!" अशी हाळी घालणारी रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही, चालकाशेजारी अर्ध्या मांडीवर एक जण बसतोच. तरी माणूस तिच्यात चढतो, कारण ती डोळ्यांसमोर उभी असते. बस येईलही, पण कधी? आठ-आठ दिवस नळाची वाट पाहत आलेल्या शहराला वाट पाहण्याची सवय आहे म्हणावे, तर सकाळी कारखान्याच्या पहिल्या पाळीचे गेट कुणासाठी थांबत नाही.

भरवसा नुसत्या गाडीवर नसतो, ती चालवणाऱ्या व्यवस्थेवरही असतो. 'माझी बस'चे चालक-वाहक सुरुवातीला एसटीचे होते. 2021 च्या अखेरीस एसटीचा संप चिघळला आणि शहराच्या मालकीच्या गाड्या डेपोत अडकून पडल्या. पुढे माजी सैनिकांना चालक म्हणून घेऊन सेवा रुळावर आणावी लागली. त्यानंतर केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून विजेच्या गाड्या आणायचे ठरले आणि त्यासाठी जाधववाडीत डेपो बांधायला घेतला. या योजनेत ठेकेदाराला पैसे किलोमीटरमागे मिळतात. इथेच सावध राहायला हवे. तीन गाड्या एकामागे एक आल्या आणि पुढे पाऊण तास काहीच नाही, तरी किलोमीटर पूर्ण भरतात.

लंडनने यावर तोड काढली. तिथे वर्दळीच्या मार्गांवर, ठरल्यापेक्षा प्रवाशाला सरासरी किती जास्त थांबावे लागले ते मोजतात आणि त्यावर ठेकेदाराला बक्षीस किंवा कपात ठरते. आपल्या गाड्यांवर जीपीएस आहे. म्हणजे मोजायला लागणारी माहिती हाताशी आहे. अडचण तंत्राची नाही, ती माहिती लोकांसमोर ठेवण्याच्या तयारीची आहे.

म्हणून नव्या गाड्यांच्या उद्घाटनाला टाळ्या जरूर वाजवा, पण महापालिकेला एक प्रश्न लेखी विचारा: आमच्या थांब्यावर गेल्या महिन्यात ठरलेल्या फेऱ्या किती होत्या आणि त्यातल्या वेळेवर किती आल्या?