स्पर्धात्मक नृत्यातील बलप्रशिक्षण आणि सरावखंड

स्पर्धात्मक नृत्यातील बलप्रशिक्षण म्हणजे नर्तकांनी नृत्याच्या नेहमीच्या सरावाखेरीज स्नायूंची ताकद आणि स्फोटक शक्ती वाढवण्यासाठी केलेला पद्धतशीर भारव्यायाम होय. हा व्यायाम थांबला किंवा फारच कमी झाला की कमावलेली क्षमता हळूहळू ओसरू लागते. या ओहोटीला क्रीडाविज्ञानात डीट्रेनिंग म्हणतात. या लेखात त्यासाठी ‘सरावखंड’ हा शब्द वापरला आहे. बॅलेच्या स्पर्धा, लॅटिन आणि स्टँडर्ड प्रकारांचे बॉलरूम नृत्य तसेच ब्रेकिंग अशा सर्व शाखांतील नर्तकांना हा प्रश्न भेडसावतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९७ मध्ये डान्सस्पोर्टला मान्यता दिली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगचा समावेश झाला. त्यानंतरही नर्तकाकडे खेळाडू म्हणून पाहण्याची सवय नृत्यशाळांमध्ये पूर्णपणे रुजलेली नाही.

नृत्याची शारीरिक मागणी

लॅटिन प्रकारात सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह अशी पाच नृत्ये असतात. प्रत्येक नृत्य साधारण दीड ते दोन मिनिटे चालते. अंतिम फेरीत ही पाचही नृत्ये अल्प विश्रांतीने एकामागून एक सादर करावी लागतात, आणि तिथे पोहोचण्यापूर्वी त्याच दिवशी अनेक प्राथमिक फेऱ्या झालेल्या असतात. बॉलरूम नृत्यातील स्पर्धक जोड्यांवर झालेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नृत्यादरम्यान हृदयगती मिनिटाला सरासरी १७० च्या आसपास आढळली.

रोजच्या वर्गात मात्र शरीरावर इतका ताण येत नाही. स्वीडनमधील शांत्झ आणि ओस्ट्रांड यांनी १९८४ मध्ये व्यावसायिक बॅले नर्तकांचे मोजमाप केले. वर्गातील व्यायामांत प्राणवायूचा वापर कमाल क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी, तर एकल नृत्य सादर करताना तो सुमारे ८० टक्के होता. वर्गात कौशल्य घडते, पण रंगमंचावरील किंवा स्पर्धेतील श्रमासाठी लागणारी शारीरिक तयारी केवळ वर्गातून होत नाही. ब्रेकिंगमध्ये तर संपूर्ण शरीराचा भार हातांवर आणि खांद्यांवर पेलावा लागतो, त्यामुळे तिथे ताकदीचा अभाव लगेच उघडा पडतो.

बलप्रशिक्षणाचे परिणाम

भारव्यायामाने मांड्या जाड होतील, शरीराची रेषा बिघडेल आणि लवचिकता जाईल, ही भीती विशेषतः बॅलेत फार जुनी आहे. यियानिस कौटेडाकिस आणि क्रेग शार्प यांनी व्यावसायिक बॅलेरिनांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने ती तपासली. १२ आठवडे मांडीच्या पुढच्या व मागच्या स्नायूंचा भारव्यायाम केल्यावर नर्तकींची ताकद वाढली, पण मांडीच्या घेरात लक्षणीय वाढ झाली नाही. याचे कारण सरळ आहे. पहिल्या काही आठवड्यांतील वाढ बहुतांशी मज्जासंस्थेमुळे होते: मेंदू अधिक स्नायुतंतू एकाच वेळी आणि अधिक वेगाने कामाला लावू लागतो. तंतू जाड होण्याचा टप्पा नंतर येतो, आणि रोज कित्येक तास नाचणाऱ्या, मोजके खाणाऱ्या शरीरात तो सहसा मर्यादितच राहतो.

ताकदीचा लाभ दिसतोही. मानुएला अँजिओई आणि सहकाऱ्यांनी समकालीन नृत्यात, तर एमिली ट्विचेट आणि सहकाऱ्यांनी बॅलेत पूरक व्यायामाचे प्रयोग केले. दोन्हींत शारीरिक क्षमतेबरोबर परीक्षकांनी दिलेले सौंदर्यात्मक गुणही सुधारले. उडीनंतर पाऊल नियंत्रितपणे टेकवणे, जोडीदाराला न थरथरता उचलणे, पाचव्या नृत्यातही खांदे न झुकवणे ही कामे ताकदीची असली, तरी परीक्षकाच्या नजरेला ती सौष्ठव म्हणूनच जाणवतात. मांडीची ताकद कमी असलेल्या नर्तकांना कमरेखालच्या दुखापतींचा अधिक त्रास होतो, असेही कौटेडाकिस यांच्या गटाला आढळले होते.

सरावखंडात काय घडते

सर्व क्षमता एकाच वेगाने ओसरत नाहीत. सर्वांत आधी दम जातो. एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सहनशक्तीच्या खेळाडूंचा सराव पूर्णपणे थांबवून पाहिला. कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी, तर ८४ दिवसांनी १६ टक्क्यांनी घटली. सुरुवातीची घट मुख्यतः रक्ताचे आकारमान कमी झाल्यामुळे आणि हृदय दर ठोक्याला कमी रक्त ढकलू लागल्यामुळे होते.

ताकद त्या मानाने चिवट असते. इनिगो मुहिका आणि साबिनो पादिया यांनी २००० मध्ये घेतलेल्या विस्तृत आढाव्यानुसार, प्रशिक्षित खेळाडूंची ताकद व्यायाम थांबवल्यानंतर साधारण चार आठवडे बऱ्याच अंशी टिकते. त्यानंतर मज्जासंस्थेकडून मिळणारी चालना मंदावते आणि स्नायुतंतू बारीक होऊ लागतात. त्यात जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक प्रभावित होतात. उडी आणि झटकन दिशाबदल यांसाठी नर्तकाला नेमके हेच तंतू लागतात. पाय प्लास्टरमध्ये असेल तर हे गणित बदलते. संपूर्ण अचलतेत मांडीचा स्नायू एक-दोन आठवड्यांतच डोळ्यांना दिसेल इतका आटतो.

पदन्यास, ताल आणि रचना यांची स्मृती मात्र महिनोन्‌महिने शाबूत राहते. त्यातून एक फसवी स्थिती निर्माण होते. खंडानंतर परतलेल्या नर्तकाला सर्व काही आठवते, म्हणून तो पूर्वीच्याच वेगाने आणि उंचीने नाचू पाहतो. कौशल्य आणि ताकद यांतील ही तफावत बाहेरून दिसत नसल्याने शिक्षकाचीही दिशाभूल होऊ शकते.

विश्रांती आणि सरावखंड

प्रत्येक सुट्टीला सरावखंड म्हणणे चुकीचे ठरेल. कौटेडाकिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये व्यावसायिक बॅले नर्तकींची हंगामाच्या अखेरीस आणि त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांच्या उन्हाळी सुट्टीनंतर चाचणी घेतली. अपेक्षा घटीची होती. प्रत्यक्षात लवचिकता, पायांची ताकद आणि प्राणवायू-ग्रहणक्षमता सुट्टीनंतर वाढलेली आढळली. हंगाम संपेपर्यंत नर्तकी इतक्या थकलेल्या होत्या की त्यांची खरी क्षमता थकव्याखाली दबली होती, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

या निष्कर्षाने ‘एक दिवसही सराव चुकवू नये’ या नृत्यशाळांतील पक्क्या समजुतीला धक्का बसतो. मात्र दीर्घ सुट्टी नेहमीच हितकारक असते, असाही त्याचा अर्थ नाही. अतिश्रमाने थकलेल्या नर्तकाला विश्रांतीतून जे मिळते, ते आधीच पुरेसा विसावा मिळालेल्या नर्तकाला मिळणार नाही. अपुरा आहार हा तिसरा घटक येथे गोंधळ वाढवतो. वजन कमी ठेवण्यासाठी ऊर्जा तोडणाऱ्या नर्तकाची ताकद सराव चालू असतानाही घटू शकते आणि ती घट सरावखंडाची समजली जाते. ऊर्जेच्या अशा तुटवड्याला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये ‘रेड-एस’ हे नाव दिले.

हंगामातील नियोजन

स्पर्धांचा हंगाम जवळ आला की तालमींचे तास वाढतात आणि सर्वप्रथम भारव्यायामाला कात्री लागते. परिणामी हंगामपूर्व काळात कमावलेली ताकद मुख्य स्पर्धेच्या सुमारासच ओसरू लागते. हे टाळण्यासाठी लागणारा वेळ अनेकांच्या कल्पनेपेक्षा कमी आहे. ग्रेव्हज आणि सहकाऱ्यांच्या १९८८ मधील प्रयोगात आठवड्यातून दोन-तीनदा केलेला व्यायाम एकदाच केला, तरी १२ आठवडे ताकद जवळजवळ टिकून राहिली. व्यायाम पूर्ण थांबवणाऱ्यांनी मात्र कमाईचा मोठा भाग गमावला. अट एवढीच की उचलायचे वजन कमी करायचे नाही. वारंवारता आणि आवर्तने घटवलेली चालतात, पण भार हलका केला तर परिणाम टिकत नाही. हलक्या वजनाची शेकडो आवर्तने करण्याची नर्तकांमधील लोकप्रिय पद्धत म्हणूनच या कामी फारशी उपयोगी ठरत नाही.

खंडानंतरचे पुनरागमन

गमावलेली ताकद पुन्हा मिळवणे ती प्रथम मिळवण्यापेक्षा सोपे असते. रॉबर्ट स्टॅरन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही स्त्रियांनी २० आठवडे भारव्यायाम केला, ३० ते ३२ आठवडे तो थांबवला आणि मग केवळ सहा आठवड्यांत बहुतेक कमाई परत मिळवली. प्रशिक्षणात स्नायुतंतूंना मिळालेली अतिरिक्त केंद्रके खंडातही टिकून राहतात, असे एक स्पष्टीकरण उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आले आहे; मानवी स्नायूंबाबत त्यावर अद्याप वाद आहे.

स्नायूबंध मात्र स्नायूंइतक्या लवकर पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे पुनरागमनात ताकदीचे आकडे जुन्या पातळीवर आले, तरी उड्यांची संख्या आणि कठीण पृष्ठभागावरील सराव आणखी काही आठवडे टप्प्याटप्प्यानेच वाढवला जातो. दुखापतीनंतर परतताना दुखावलेल्या आणि निरोगी पायांची एका पायावरील उडी व ताकद यांची तुलना केली जाते, आणि दोन्हींतील फरक पुरेसा कमी झाल्यावरच पूर्ण रचना नाचण्यास परवानगी दिली जाते.