मानवेल, बासरी आणि शाकुहाची

माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या उतारापर्यंत, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत बांबूची बेटे ठिकठिकाणी आहेत. तरीही मैफलीची बासरी करायची तर बांबू ईशान्य भारतातून मागवावा लागतो. याचे उत्तर पेरात आहे.

दोन गाठींमधला भाग म्हणजे पेर. आपली बासरी एकाच पेरातून निघते. पन्नालाल घोष यांनी रागसंगीतासाठी रूढ केलेली बासरी ३२ इंची, म्हणजे सुमारे ८१ सेंटिमीटर. आपल्याकडच्या मानवेलाचे पेर साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरचे, त्यात भिंत जाड. कोरड्या माथ्यावरचा मानवेल तर जवळजवळ भरीव असतो. काठीला उत्तम, फुंकायला निरुपयोगी. ओलाव्याच्या जागी तोच बांबू अधिक पोकळ वाढतो. म्हणून लहान, उंच सुराची बासरी करायची असेल तर डोंगर चढू नये, ओढ्याकडे उतरावे.

कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण जाडीचा होतो, पण काठी पक्की व्हायला तीनेक वर्षे लागतात. कोवळी काठी वाळताना आक्रसते. माझी पहिली बासरी अशीच उभी तडकली. घाईने उन्हात वाळवली होती, हेही कबूल केले पाहिजे. बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगेरा येतो. तो अंश धुऊन जावा म्हणून काठ्या काही आठवडे पाण्यात बुडवतात, मग सावलीत वाळवतात. छिद्रे तापल्या सळईने पाडायची, तीही आधी लहानच. छिद्र मोठे केले की सूर चढतो. एकदा चढलेला सूर उतरवणे अवघड. शिकवण्यांतून बहुतेक भर या सळईवर असतो. माझ्या मते निम्मी विद्या त्याआधीच, काठी निवडताना संपलेली असते.

जपानी शाकुहाची या हिशेबाला उलटी आहे. तिच्या नावातच माप आहे: एक शाकू आठ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर. ती ‘मादाके’ बांबूच्या बुडख्यातून, मुळांच्या गड्ड्यासह करतात. सहसा सात गाठी राखतात आणि आतले पडदे फोडून नळी सलग करतात. पुढे चार छिद्रे, मागे अंगठ्यासाठी एक. काठी विस्तवावर शेकून तेल काढतात आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे वाळवतात. जाड भिंत, जवळजवळच्या गाठी, म्हणजे आपण मानवेलाचे जे दोष मोजले तेच तिथे हवेसे.

मग मानवेलाचा बुडखा खणून शाकुहाची का करू नये? पोकळी कोरून काढावी लागेल, ती अडचण सोडवता येईल. खरी अडचण बेटाची आहे. मादाकेचे कंद जमिनीखाली लांब पसरतात आणि काठ्या सुट्या उगवतात. एक खणली तरी रान टिकते. मानवेलाच्या काठ्या एकमेकींना चिकटून बेटात वाढतात. एकीचा बुडखा खणला की शेजारचे कंद दुखावतात आणि पुढचे कोंब जातात. आपल्याकडे काठी जमिनीच्या वर, खालची गाठ राखून तोडतात ती यासाठीच.

लांब पेराचा हट्ट न धरणारे वाद्य उत्तरेला जव्हार-डहाणूकडे आहेच. वारली वादकांच्या तारप्यात सूर बांबूच्या जिभल्यांतून निघतो, वाळका भोपळा हवा साठवतो, ताडपानांचा कर्णा आवाज मोठा करतो आणि सांधे मधमाश्यांच्या मेणाने बुजवतात.