आधी वही ठरवा, मग नोंद शोधा!

शिरपूर तालुक्यातली जमीन महाभूलेखवर कधी शोधलीय? विभाग नाशिक, जिल्हा धुळे, तालुका शिरपूर, पुढे गाव. पण त्यासोबत साइट आणखी एक प्रश्न विचारते : सातबारा हवा, आठ-अ की मालमत्ता पत्रक? कारण थाळनेरच्या शिवारातलं शेत एका वहीत असतं, तर नगर भूमापन झालेल्या भागातला प्लॉट दुसऱ्या. चुकीच्या वहीत कितीही पानं उलटा, नोंद मिळणार नाही.

मिनी प्रोजेक्टला असंच काही करायला घेतलंत, की हाच प्रश्न एसक्यूएलमध्ये येतो. समजा, तुमच्याकडे दोन टेबल आहेत : 'सातबारा' आणि 'मालमत्ता'. प्रकार 'शेत' असेल तर पहिलं वाचायचं, 'प्लॉट' असेल तर दुसरं. लगेच सुचतं ते 'फ्रॉम'च्या पुढे 'केस व्हेन' लिहायचं. रन केलं की एरर!

असं का होतं?

'केस' फक्त एक किंमत परत देतं. आकडा, तारीख किंवा अक्षरं. त्यातून 'सातबारा' हा शब्द मिळेल, टेबल नाही मिळणार. शिवाय डेटाबेस क्वेरी चालवण्याआधी तिचा आराखडा तयार करतो : कोणतं टेबल, कोणते कॉलम, कोणता इंडेक्स. टेबलच ठरलेलं नसेल, तर आराखडा कशाचा करणार?

मग करायचं काय?

१. निर्णय बाहेर घ्या. पायथॉन, पीएचपी, जावा, जे वापरत असाल त्यात 'इफ-एल्स' लावा आणि दोन पूर्ण क्वेरी वेगवेगळ्या लिहा. चार ओळी वाढतात, पण वाचणाऱ्याला लगेच कळतं. स्टोअर्ड प्रोसिजरमध्येही 'इफ' चालतं.

२. 'युनियन ऑल' वापरा. एकच क्वेरी हवी असेल तर दोन्ही टेबलांच्या 'सिलेक्ट' जोडा. पहिलीच्या 'व्हेअर'मध्ये 'प्रकार = शेत' ही अट, दुसरीच्या 'व्हेअर'मध्ये 'प्रकार = प्लॉट'. एका वेळी एकच अट खरी ठरते, त्यामुळे उत्तर एकाच टेबलातून येतं. मात्र दोन्हीकडे कॉलमची संख्या सारखी आणि प्रकार जुळणारे हवेत. नुसतं 'युनियन' लिहू नका. ते दुहेरी ओळी गाळण्यात उगाच मेहनत घालतं.

३. डायनॅमिक एसक्यूएल, पण जपून. यात क्वेरीचा मजकूरच जोडून तयार करतात. प्लेसहोल्डर फक्त किमतींसाठी असतो, टेबलाच्या नावासाठी नाही. म्हणून अनेकजण युजरने टाकलेला शब्द थेट क्वेरीत चिकटवतात, आणि तिथेच एसक्यूएल इंजेक्शनला दार उघडं होतं. करायचंच असेल, तर चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्येच ठेवा. यादीत नसलेलं नाव आलं, की तिथेच थांबवा.

मुळात दोन टेबलं हवीत का?

हजेरीसाठी 'हजेरी_जून', 'हजेरी_जुलै' अशी बारा टेबलं केली असतील, तर क्वेरीशी झटापट थांबवा. सगळ्यांचे कॉलम सारखेच आहेत ना? मग एकच टेबल करा आणि तारखेचा कॉलम ठेवा. टेबल निवडायचा प्रश्नच उरत नाही. सातबारा आणि मालमत्ता पत्रकाचं तसं नाही. एकात गट नंबर आणि पीक, दुसऱ्यात नगर भूमापन क्रमांक. माहितीच वेगळी, म्हणून टेबलंही वेगळी.

सगळ्यात फसवी जागा

प्रकार 'शेत'ऐवजी 'शेती' असा आला तर? 'युनियन ऑल'मधली एकही अट जुळणार नाही. एररही येणार नाही. शून्य ओळी येतील आणि स्क्रीनवर दिसेल : 'नोंद सापडली नाही'. पीककर्जाचे कागद जमवणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ काय वाटेल? आपली जमीन नोंदवहीतून गेली! खरं तर कुठली वहीच उघडली गेलेली नसते.

म्हणून तिसरी वाट लिहायला विसरू नका. दोन्ही अटी खोट्या असतील, तर 'प्रकार ओळखता आला नाही' असा वेगळा संदेश द्या. व्हायव्हाला सर विचारोत वा न विचारोत, डेमोआधी मुद्दाम चुकीचा प्रकार टाकून बघाच.