तहकूब हुकूम

मागील लेखांकात जनुकातील मजकूर संदेशवाहक रेणूवर कसा उतरतो आणि रायबोसोम त्या मजकुराबरहुकूम अमिनो आम्लांची साखळी कशी गुंफतो, ते आपण पाहिले. आता हे काम थांबते केव्हा, आणि ते कोण थांबवितो, हे पाहावयाचे आहे.

भाद्रपदात पावसाने खंड दिला, की परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात, दुपारच्या वेळी सोयाबीन माना टाकते, पानांची पांढुरकी पाठ वर येते आणि शेतकरी म्हणतो, वाढ खुंटली. पाणी नाही म्हणून वाढ नाही, असे सरळ गणित आपण मांडतो खरे. परंतु साखळीत एक अमिनो आम्ल जोडावयास सुमारे ४ उच्चऊर्जा फॉस्फेट बंध खर्ची पडत असल्यामुळे, संकटाची चाहूल लागताच वनस्पती प्रथम याच खर्चाला हात घालते. सिआओ यांनी १९७० साली मक्याच्या कोवळ्या रोपांवर दाखवून दिले, की पाण्याचा ताण पडताच, एकाच संदेशावर ओळीने बसलेल्या रायबोसोमांच्या माळा थोड्याच अवधीत विस्कटू लागतात.

तथापि ही सरसकट बंदी नव्हे. जो मराठवाडा आज सोयाबीनवर विसंबून आहे, त्याला विशेष जवळचा वाटावा असा प्रयोग अमेरिकेत की, लिन व चेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. २८ अंशांवर वाढलेली सोयाबीनची रोपे ४० अंशांवर नेताच नेहमीच्या प्रथिनांची निर्मिती झपाट्याने मंदावली आणि एरवी जवळजवळ न दिसणारी उष्माघात-प्रथिने मुबलक तयार होऊ लागली. नेहमीचे संदेश बहुतांशी नष्ट झालेले नव्हते. दुष्काळी सालात कचेरीतील बांधकामाचे हुकूम रद्द न होता दप्तरी पडून राहावेत, तसे ते तहकूब होते, आणि रोपे पुन्हा थंड हवेत येताच काही तासांत त्यांचा अंमल सुरू झाला. नवी प्रथिने करतात काय, तर उष्णतेने उलगडू लागलेल्या इतर प्रथिनांना सावरून धरतात.

तहकुबीची एक चावी तर फारच बारीक आहे. अमिनो आम्लांची चणचण, जखम अथवा अतिनील किरण यांमुळे जीसीएन-२ हे विकर जागे होते आणि साखळीचे पहिले अमिनो आम्ल रायबोसोमपर्यंत आणणाऱ्या घटकावर एक फॉस्फेट चढवते. एवढ्याने आरंभच अडतो.

आपल्या जिल्ह्याचे दुर्दैव असे, की ज्या हंगामात खंड पडतो त्याच हंगामात अतिवृष्टीही होते. वाफसा येत नाही, मुळांना प्राणवायू मिळत नाही, पीक पिवळे पडते. तेव्हा उष्माघात-प्रथिनांचा उपयोग फारसा नसतो. मक्याच्या मुळांत अशा वेळी सुमारे २० निराळी प्रथिने बनतात, हे १९८० साली दिसून आले. त्यांतली कित्येक प्राणवायूविना शर्करेपासून ऊर्जा काढण्याच्या कामी येतात. माझ्या मते ‘ताण सहन करणारे वाण’ हा शब्दप्रयोग म्हणूनच जरा मोघम आहे. ताण कोणता, हे आधी विचारावयास हवे.

पूर्वी थोडी झळ सोसलेल्या रोपाची गोष्ट मात्र निराळी. ४० अंशांवर काही काळ ठेवलेली सोयाबीनची रोपे पुढे ४५ अंशांतूनही तगतात, आणि एरवी तेवढ्याच उष्णतेने ती मरतात. ही तयारी किती काळ टिकते, आणि तिची किंमत दाण्याच्या भरणीत कशी चुकवावी लागते, ते पुढील लेखांकी.